स्थानिक पतपुरवठा आणि ऊर्जेची कार्यक्षमता

एखाद्या प्रदेशात स्थानिक बँकांची वाढ झाली की तेथील ऊर्जेचा वापरही अधिक कार्यक्षम होतो, असा सिद्धान्त अलीकडे मांडला जातो. त्याची उपपत्ती सरळ आहे. स्थानिक बँकेला ऋणकोची पत ठाऊक असते. त्यामुळे नव्या यंत्रासाठी भांडवल सुलभ होते आणि नवे यंत्र कमी ऊर्जा घेते. मात्र या विवेचनात यंत्राची खरेदी आणि ऊर्जेची बचत या दोन भिन्न गोष्टी एकरूप मानल्या गेल्या आहेत.

महाराष्ट्रातील सहकारी पतपुरवठ्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५१-५२ साली देशातील शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास होता. पुढे जिल्हा मध्यवर्ती बँका व भूविकास बँका यांचा विस्तार झाला आणि त्यांच्या कर्जातून विहिरी व विजेचे पंप वाढले. परंतु मीटर नसलेल्या पंपाची आकारणी अश्वशक्तीवर होत असे. २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. अशा स्थितीत वाचलेल्या युनिटाला शेतकऱ्याच्या हिशेबात मोल उरत नाही. पंपाची किंमत कर्जखात्यात नोंदता येते, त्याने वाचविलेली वीज नोंदता येत नाही. येथे पतपुरवठ्याने उपसा वाढविला. कार्यक्षमता वाढविली असे म्हणणे सयुक्तिक ठरणार नाही.

याच सहकारी क्षेत्रातील साखर कारखान्यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. जुन्या कारखान्यांचे बॉयलर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१ किलोग्रॅम दाबाचे असत. उरलेल्या बगॅसला पुरेसे गिऱ्हाईक नसल्याने तो काटकसरीने जाळण्याचे कारणच नव्हते. शिल्लक वीज विकत घेतली जाऊ लागल्यावर मात्र ६७ किलोग्रॅम व त्याहून अधिक दाबाच्या बॉयलरांसाठी काढलेले कर्ज विजेच्या उत्पन्नातून फेडणे शक्य झाले.

दोन्ही ठिकाणी ऋणको परिचयाचा आणि पतपुरवठा सहकारी. फलित मात्र परस्परविरुद्ध. तेव्हा बँकांच्या शाखा व ठेवी मोजून कार्यक्षमतेचे अनुमान काढणे हा हेतूविषयीचा प्रमाद होय. बचतीला जेथे दर लाभतो तेथे स्थानिक बँक उपकारक ठरते. जेथे तो लाभत नाही तेथे तीच बँक अपव्ययाला भांडवल पुरविते. हा भेद ज्या अभ्यासात केलेला नाही, त्याची आकडेवारी कितीही विपुल असली तरी त्याचा निष्कर्ष ग्राह्य मानता येत नाही.