अष्टाक्षरीतील सात अक्षरे

स्पॅनिश कवी लोर्का याच्या ‘रोमान्थेरो हितानो’ (१९२८) या संग्रहातील ओळी अष्टाक्षरी आहेत. पण आपल्या लहान अभंगाच्या सवयीने बोटांवर मोजू लागावे, तर मधूनच सातच अक्षरे भरतात! कवी चुकला काय? छे! तिथला छंद ओळीतील शेवटच्या आघातावरून हिशेब करतो. ‘कोराथोन’ म्हणजे काळीज. त्याचा आघात अखेरच्या अक्षरावर. असा शब्द ओळीअंती आला की एक अक्षर अधिक धरावयाचे. ‘लाग्रिमा’ म्हणजे अश्रू. त्याचा आघात पहिल्यावरच, म्हणून तिथे एक वजा. शिवाय लगतच्या दोन शब्दांचे स्वर भेटले की बहुधा दोहोंचे मिळून एकच अक्षर होते. तेव्हा मराठीत कुणी आठ अक्षरे काटेकोर बसविली, तरी ओळ शेवटी कुठे आपटते हे ऐकू येईलच असे नाही. मी तर आठाचा हट्ट सोडून तो शेवट सांभाळणाऱ्या अनुवादकालाच अधिक गुण देईन.