तप कीं वेठ?

कलाकृतीचा आस्वाद घेतांना ती कोणाच्या किती श्रमांतून उभी राहिली, याची चौकशी रसिक सहसा करीत नाहीं. देवालयांतील शिल्पापुढें तल्लीन झालेल्या यात्रिकाला पाथरवटाची मजुरी आठवत नाहीं, आणि ती आठवावी असा आग्रहहि कोणी धरीत नाहीं. परंतु व्हिडिओ गेम ही कला आज घरोघर मुलांच्या हातीं गेली आहे आणि तिच्या निर्मितीचे इतिहास स्वतंत्र ग्रंथांचे विषय होऊं लागले आहेत. तेव्हां तिच्या बाबतींत ही चौकशी टाळतां येण्यासारखी राहिलेली नाहीं. जेसन श्रायर या अमेरिकन पत्रकाराचा 'ब्लड, स्वेट अँड पिक्सेल्स' हा २०१७ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ या दृष्टीनें आम्हांस विचारार्ह वाटतो.

ग्रंथांत दहा खेळांच्या जन्मकथा आहेत. त्यांपैकीं 'स्टार वॉर्स १३१३' हा खेळ मात्र, डिस्नेनें लुकसआर्ट्स कंपनी घेतल्यावर, २०१३ सालीं जन्मापूर्वींच निकालांत निघाला. लेखकाची भाषा सुबोध असून त्याचें कारणविवरण मार्मिक आहे. खेळ रंजक झाला कीं नाहीं, हें तो बराचसा तयार होऊन खेळून पाहिल्यावांचून कळत नाहीं. ज्या साधनांनीं तो घडवावयाचा तीं साधनेंच काम चालू असतांना बदलत राहतात. त्यामुळें कोणतें काम किती दिवसांत होईल याचा अंदाज बांधणें दुरापास्त होतें. दर माणशीं दरमहा १०,००० डॉलर असा खर्च त्यानें ढोबळ मानानें धरला आहे. या हिशेबानें शंभर माणसांच्या संस्थेला महिन्याला दहा लक्ष डॉलर लागतात. प्रकाशनाची तारीख पुढें ढकलावी तर हा खर्च वाढतो. मग आहेत त्याच माणसांनीं रात्री जागवाव्या, हाच एक उपाय उरतो. त्या धंद्यांत या जागरणांना 'क्रंच' असें नांव आहे.

येथपर्यंत लेखकाशीं आमचें पूर्ण मतैक्य आहे. आमचा मतभेद आहे तो या श्रमांकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टीविषयीं. खेळ पूर्ण होणें हाच एक चमत्कार, असा या ग्रंथाचा मुख्य सूर आहे. आणि चमत्कार म्हटला कीं त्यामागील कष्टांना तपश्चर्येचें तेज आपोआप चढतें. 'स्टार्ड्यू व्हॅली' या खेळाचा कर्ता एरिक बॅरोन यानें सुमारें साडेचार वर्षें एकट्यानें खपून चित्रें, संगीत, संवाद आणि प्रोग्रामिंग सर्व कांहीं केलें. पोटासाठीं तो नाट्यगृहांत प्रेक्षकांना जागा दाखविण्याचें काम करी. २०१६ सालीं खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याचें फळ त्याला मिळालें. हें प्रकरण वाचून कोणाचेंहि मन भरून येईल. पण त्याच्या आधींच्याच प्रकरणांत 'अनचार्टेड ४' ची हकीकत आहे. त्या खेळाचें दिग्दर्शन २०१४ सालीं एका हातांतून दुसऱ्या हातीं गेलें, झालेलें बरेंचसें काम बाजूस पडलें आणि उरलेल्या दोन वर्षांत तें नव्यानें उभें करतांना शेंकडों नोकरांची दमछाक झाली. लेखक दोन्ही कथा एकाच कौतुकानें सांगतो. बॅरोनचा खेळ त्याच्या मालकीचा होता. कधीं थांबावें हें तोच ठरवी. नोकराला मात्र वरिष्ठांच्या फिरलेल्या निर्णयाची किंमत स्वतःच्या झोपेनें मोजावी लागते. पहिल्याला तप म्हणावें. दुसरी वेठ आहे. ग्रंथ हा भेद करीत नाहीं, हेंच त्याचें मोठें वैगुण्य होय.

या वेठीचा भार कामगारावरच पडून थांबत नाहीं. २००४ सालीं 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या कंपनींतील एका नोकराच्या वाग्दत्त वधूनें आपलें नांव न देतां एक जाहीर पत्र लिहिलें. सकाळीं नऊपासून रात्रीं दहापर्यंत, आणि तेंहि आठवड्याचे सातहि दिवस, असें कामाचें वेळापत्रक तिनें त्यांत जगापुढें मांडलें. पुढें जादा कामाच्या मोबदल्यासाठीं नोकरांनीं लावलेल्या दोन दाव्यांत कंपनीनें एकूण ३ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. कारखान्यांतील जागरण घरांतील माणसाला कसें दिसतें, हें त्या एका पत्रानें जितकें सांगितलें, तितकें या ग्रंथाच्या दहा प्रकरणांत मिळून सांपडत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, कष्टांवांचून उत्कृष्ट कृति होत नाहीं. पण जागरणानें उत्कृष्टता हमखास पदरांत पडते काय? ग्रंथांत गौरविलेल्या 'द विचर ३' च्या पोलिश कर्त्यांचेंच उदाहरण घ्या. 'सायबरपंक २०७७' च्या वेळीं कोणावर सक्ती करणार नाहीं असें आश्वासन कंपनीच्या चालकांनीं २०१९ सालीं दिलें. २०२० च्या सप्टेंबरांत सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा झाला. १० डिसेंबर रोजीं खेळ बाहेर पडला तो इतका सदोष होता, कीं आठच दिवसांनीं सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढून घेतला. चुकलेली आंखणी जागरणानें झांकतां येते, सुधारतां येत नाहीं.

लेखकाला न्याय देण्यासाठीं हें सांगितलें पाहिजे कीं, २०२१ च्या 'प्रेस रीसेट' या आपल्या ग्रंथांत त्यानें बंद पडलेल्या संस्थांतील नोकरांचें पुढें काय झालें, याकडेच लक्ष वळविलें आहे. आणि तो ग्रंथ आम्हांस अधिक प्रौढ वाटतो. हा विषय आपल्यापासून फार दूरचाहि नाहीं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें २००८ सालीं पुण्यांत आणि २०१८ सालीं मुंबईंत आपलें निर्मितिगृह थाटलें. तेव्हांपासून मराठी घरांतील तरुणहि या धंद्यांत शिरूं लागले आहेत. तेव्हां हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र प्रत्येक चमत्काराच्या वर्णनाशीं क्षणभर थांबून, तो कोणाच्या इच्छेनें झाला आणि त्याचें फळ कोणाच्या पदरीं पडलें, हे दोन प्रश्न वाचकांनीं आपले आपणच विचारावे. ग्रंथकारानें ते विचारण्याचें काम त्यांच्याकडेच सोडलें आहे.