दगड मारणारे कुठे आहेत?

संध्याकाळी सातपासून मराठी वाहिन्यांवर एकच खटला चालतो. आरोपी सून, आरोप घराण्याची अब्रू आणि शिक्षा सोसत राहण्याची. या मालिका समाजाचं दडपण दाखवतात, स्त्रीची बाजू घेतात, असा त्यांचा दावा असतो आणि अलीकडे तो फारच मोठ्याने केला जातो. म्हणून हा लेख. नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरात बसून या मालिका पाहताना मला वाटतं, की त्या दडपण दाखवत नाहीत. दडपण टाकणाऱ्यांना त्या पाठीशी घालतात.

'चार दिवस सासूचे' (2001–2013) तीन हजारांहून अधिक भाग चालली. तिच्याबद्दल एवढंच पुरे. तिच्या पोटी जन्मलेल्या कटकारस्थानी मालिकांना तर वेगळी ओळही नको. विचार करायचा तो चांगल्या हेतूने सुरू झालेल्यांचा. 'रंग माझा वेगळा'ने सावळ्या मुलीच्या अवहेलनेचा विषय घेतला, तेव्हा खरोखर आशा वाटली होती. पण दीपाच्या भूमिकेसाठी गोऱ्या अभिनेत्रीला सावळा रंग फासला गेला आणि तिथेच मालिकेने स्वतःचा निकाल लावला. वर्णद्वेष हा एका सासूचा तिटकारा ठरला. लग्नाच्या जाहिराती, मुलगी बघायला आलेले पाहुणे, शेजारणी, हे सगळे सुटले. 'आई कुठे काय करते'ची अरुंधती घटस्फोट घेते, पुन्हा लग्न करते. हे धाडस मी मानतो. पण तिला फसवणाऱ्या पहिल्या नवऱ्याला, अनिरुद्धला, किती वेळा माफी मिळाली! पश्चात्ताप नाही, भरपाई नाही, नुसती माफी.

इथे माझ्या श्रद्धेचा संबंध येतो. सोसणारी बाई आली की आमच्यातले काही पाळकही पटकन म्हणतात, हाच तिचा क्रूस. मला हे मान्य नाही. येशूचा प्राण कोणी हिसकावून घेतला नाही, त्याने तो आपण होऊन दिला, असं योहानाचं शुभवर्तमान सांगतं. जिला दार उघडून बाहेर पडायची मुभाच नाही, तिच्या सोसण्याला क्रूस म्हणणं हा क्रूसाचा अपमान आहे. माफीचंही तेच. बायबलमधला जकातदार जक्कय ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायला निघाला, आणि तारणाचा शब्द त्यानंतर आला. मालिकेतला नवरा काहीच परत करत नाही.

आणि जमाव? व्यभिचाराचा आरोप ठेवून आणलेल्या बाईभोवती लोक दगड घेऊन उभे होते. येशूने तिची उलटतपासणी केली नाही. त्याने दगडवाल्यांना स्वतःकडे पाहायला लावलं. आपल्या मालिकांचा कॅमेरा मात्र बाईच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून हलत नाही. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य शंभर वेळा ऐकू येतं, ते लोक एकदाही दिसत नाहीत. आणि येशूला निर्दोष जाणूनही गर्दीच्या हवाली करणारा सुभेदार पिलात तर प्रत्येक मालिकेत आहे. सून निर्दोष आहे हे ठाऊक असलेला, मनाने चांगला, पण ऐन वेळी गप्प बसणारा सासरा. पिलाताने हात धुतले म्हणून तो सुटला नाही, दर रविवारी विश्वासांगीकारात आम्ही त्याचं नाव घेतो. मालिका मात्र या सासऱ्याला प्रेमळ बाबा म्हणून मिरवते.

हे दूरचित्रवाणीला जमतच नाही, असं कोणी म्हणू नये. 'प्रपंच'मध्ये प्रतिमा कुलकर्णींनी खलनायकाशिवाय कुटुंब उभं केलं होतं. त्याआधी विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावर 'स्मृतिचित्रे' केलं आणि सुहास जोशींनी लक्ष्मीबाई साकारल्या. दडपणाची इतकी खरी कथा मराठीत दुसरी नाही, आणि तिचा मोठा भाग आमच्या नगरचा आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई नवरा जिवंत असताना शोकात बुडाल्या. त्यांच्यावर दडपण आणणारे कोण? जीव लावणारे आप्त, आणि स्वतः टिळकसुद्धा! त्या एकदम बंडखोर होत नाहीत. वर्षानुवर्षं स्वतःशी भांडतात. नवऱ्याकडे परततात, तरी सोवळं सोडत नाहीत. मग एक दिवस जात माणसानेच केली असा स्वतःचा निर्णय करतात आणि कोणाच्याही हातचं खायचं ठरवतात. 1900 मधला त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. नवऱ्याच्या मागे त्या गेल्या नाहीत, स्वतःच्या पायांनी पोचल्या. अशी नायिका आज लिहिली, तर वाहिनी पहिल्याच आठवड्यात विचारील, यात खलनायिका कोण?

सिनेमाने हा धडा गिरवला. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त नगरजवळचं अकोळनेर घेतलं, आणि शेवटी दलित नायक जब्याचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने आला. जातीवरून हिणवणारा जमाव पडद्यावर दिसला आणि आपण त्यात आहोत हे कळलं. मालिकांनी मात्र आडनावंच अशी निवडली, की जात विचारावी लागू नये.

आणि ख्रिस्ती माणूस? तो पडद्यावर आलाच तर गोव्याच्या हेलात बोलणारा, हातात ग्लास धरलेला. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक जिथे सुरू झालं त्या जिल्ह्यातला, भजन-कीर्तन करणारा, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारा, ऊसपट्ट्यात राबणारा मराठी ख्रिस्ती लेखकांना माहीतच नाही. त्याच्यावरचं दडपण तर कुणाच्या स्वप्नातही नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यांत घेतलं, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. म्हणून चर्चच्या मंडळीत एक नाव आणि दाखल्यावर दुसरं, अशी ओढाताण घराघरांत आहे. मुलाचं शिक्षण की जाहीर कबुली, हा पेच एका मालिकेला वर्षभर पुरेल. त्यात आमचीही झडती व्हावी. हुंडा आम्ही घेतो, सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारतो, आणि आमच्याकडच्या 'लोक काय म्हणतील'चं नाव 'मंडळी काय म्हणेल' असं आहे.

प्रेक्षकाला हेच आवडतं, ही सबब मला चालत नाही. पिलातानेही गर्दीचाच कौल घेतला होता. टीआरपीचा आकडा लोक काय पाहतात ते सांगतो, त्यांना काय दाखवणं योग्य ते सांगत नाही. मालिका लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी सुनेवर आरोप होईल तेव्हा तिचे अश्रू थोडे कमी दाखवा. आरोप करणाऱ्यांची नावं घ्या, त्यांची भीती, त्यांचा स्वार्थ दाखवा. गप्प बसलेल्या सासऱ्याला बोलतं करा, नाहीतर दोषी ठरवा. आणि माफी द्यायचीच असेल, तर आधी नवऱ्याकडून हिशेब घ्या.