लिओनार्दोच्या संग्रहांतील ‘सायकल’ : कालनिर्णयाची एक कसोटी

मिलान येथील आंब्रोसियाना ग्रंथालयांत लिओनार्दो दा विंची याच्या टिपणांचा व आकृतींचा ‘कोडेक्स आटलांटिकस’ नामक मोठा संग्रह आहे. त्यांतील एका पानाच्या मागील बाजूस सायकलीचें एक ओबडधोबड चित्र असून, तें लिओनार्दोच्या काळचें होय, असा पक्ष आउगुस्तो मारिनोनी यांनीं १९७४ मध्यें मांडला. लिओनार्दो १५१९ मध्यें वारला. हा पक्ष खरा मानल्यास सायकलीचा इतिहास साडेतीन शतकांहून अधिक मागें न्यावा लागतो. म्हणून पुराव्याची छाननी अवश्य आहे.

प्रथम मारिनोनी यांच्या पक्षाचें म्हणणें पाहूं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोंपेओ लिओनी यानें हा संग्रह जुळवितांना पानें मोठ्या कागदांवर डकविलीं, त्यामुळें प्रस्तुत बाजू झांकली गेली. ती १९६० नंतरच्या दशकांत, रोमजवळील ग्रोत्ताफेराता येथील मठांत डागडुजी होतांना उघडी पडली. झांकलेल्या पृष्ठावर मागाहून कोण काय काढणार, हा या पक्षाचा मुख्य आधार. चित्र गुरूच्या हातचें नव्हे, तर त्याच्या आकृतीची शिष्यानें केलेली नक्कल असावी, असें ते म्हणतात. त्याच बाजूस सालाई या शिष्याचें नांव खरडलेलें आहे. शिवाय लिओनार्दोच्या माद्रिद येथील हस्तलिखितांत सांखळ्यांच्या आकृती आहेत.

शेवटचा मुद्दा प्रथम घेऊं. सांखळी ठाऊक असणें व सायकल ठाऊक असणें या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाहीं.

जुनी सायकल हातीं आली म्हणजे जाणते लोक चौकटीवरील क्रमांक, सांध्यांची घडण व ब्रेकची तऱ्हा पाहतात. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या कित्येक गिअर-हबांवर वर्षाचे अंक ठोकलेले असतात; परंतु हब बदलतां येतो, म्हणून ते अंक हबाचा काल सांगतात, सबंध सायकलीचा नव्हे. बाडांत मागाहून शिवलेल्या पानावरील शक जसा बाडाचा शक नव्हे, तसेंच हें. जुना कागदही अशीच साक्ष देतो. तो आपला काल सांगतो, त्यावरील रेषांचा नव्हे.

चित्रांत क्रमांक नाहीं. पण चौकट आहे, आणि तिच्या प्रत्येक अवयवाचा जन्मकाल ठाऊक आहे. एकामागें एक ठेवलेल्या दोन चाकांवर तोल सांभाळतां येतो, हें ड्राइस यानें १८१७ मध्यें मानहाइम येथें दाखविलें; त्याच्या गाडीस पेडल नव्हतें. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें पुढील चाकास पेडल आलें. वेगासाठीं तें चाक वाढत गेलें, तसें पडण्याचें भयही वाढलें. तेव्हां सांखळीनें मागील चाक फिरविण्याचा उपाय निघाला. लॉसन याची गाडी १८७९ ची व कोव्हेंट्री येथील स्टार्ली याची ‘रोव्हर’ १८८५ ची. प्रस्तुत चित्रांत सारखीं चाकें, मध्यें पेडल व मागें सांखळी, असा हा शेवटचा उपाय एकदम अवतरतो. मधल्या पायऱ्यांचा माग लिओनार्दोच्या कागदांत आढळलेला नाहीं. मागाहून निर्माण झालेल्या हुद्द्याचा उल्लेख सनदेंत आला, तर शिक्का व कागद कितीही जुने असोत, ती सनद बनावट ठरते. येथेंही तोच न्याय लागू होतो.

पुढील चाक वळविण्याची सोय चित्रांत नाहीं. समर्थक हें शिष्याचें अज्ञान म्हणतात. आमच्या मतें त्यावरून इतकेंच दिसतें कीं, काढणाऱ्यास सायकलीचें रूप ठाऊक होतें, तिचें मर्म नव्हे. कारण वळविल्यावांचून तोल राहत नाहीं. गुरूचें मूळ चित्र उपलब्ध नाहीं, आणि अनुपलब्ध मूळावर नकलेचा काल बसवितां येत नाहीं.

आतां साक्ष. कार्लो पेद्रेत्ती यांनीं १९६१ मध्यें, पान सुटें होण्यापूर्वीं, तें उजेडापुढें धरून पाहिलें होतें. त्यांस दोन वर्तुळें व कांहीं रेषा दिसल्या. सायकल दिसली नाहीं. याच आधारें हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनीं १९९७ मध्यें हें चित्र मागाहून पुरें केलेलें बनावट होय असें प्रतिपादिलें. उजेडांतून पाहतांना फिकट रेषा निसटूं शकतात, म्हणून ही साक्ष एकटी निर्णायक नव्हे. परंतु चौकटीचा पुरावा तिच्याशीं पूर्णपणें जुळतो. शिवाय पृष्ठ झांकलेलें होतें हा आधार झांकण निघेपर्यंतच पुरतो. त्यानंतरच्या काळास तो लागू पडत नाहीं. सबब हें चित्र लिओनार्दोच्या काळचें नव्हे, असें आमचें मत आहे. हें कृत्य कोणाचें, याविषयीं आम्ही कोणावरही आरोप करीत नाहीं.

संग्राहकांनीं यांतून घेण्याचा धडा साधा आहे. डकविलेलें पान सोडविण्यापूर्वीं तें उजेडापुढें धरून त्याचें छायाचित्र घ्यावें. सोडवितांच दोन्ही बाजूंचें वर्णन तारीख घालून, साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावें. ग्रोत्ताफेरात्याच्या या पानाचें असें टिपण त्याच दिवशीं प्रसिद्ध झालें असतें, तर हा वाद उद्भवलाच नसता.