मथळ्यातली तालीम

माझे माहेर मंगळवार पेठेतले आणि सासर शिवाजी पेठेतले. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. कोल्हापूरकर मात्र ते ऐकले, की आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, “मग मॅचच्या दिवशी कसं करता?”

मॅचच्या दिवशी काही करावे लागत नाही. पुरुषमंडळी शाहू स्टेडियमवर गेलेली असतात आणि घर शांत असते. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी होते, वर्तमानपत्र आले म्हणजे. आमचे मामंजी ते शेवटच्या पानापासून वाचत. आधी खेळाचे पान, मग निधनवार्ता, मग वेळ उरलाच तर देशाचा कारभार. वाचन मोठ्याने चाले आणि प्रत्येक ओळीवर भाष्य होई. ते ऐकत भाजी निवडता निवडताच मला या बातम्यांच्या भाषेची गोडी लागली. खेळावर बोलण्याचा मला अधिकार नाही. ऑफसाइड कशाला म्हणतात ते मला अजून नीट कळलेले नाही. पण गावातले वर्तमानपत्र गावातल्याच दोन हाडवैरी संघांना कोणत्या नावाने हाक मारते, हे मी वर्षानुवर्षे न्याहाळले आहे आणि त्यावर दोन शब्द लिहावेत असे फार दिवस मनात आहे.

नावे तरी पाहा! पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार पेठ. बातमीच्या पहिल्या वाक्यात बहुधा सारे नाव सन्मानाने येते. मथळ्यात तेवढी जागा नसते. तिथे ‘तालीम’ही जाते आणि ‘मंडळ’ही जाते, उरते ते लाडाचे नाव. आता ‘पाटाकडील’ हे मुळी नाम नव्हे, विशेषण. पाटाकडची जी तालीम, ती पाटाकडील तालीम. तालीम गेली आणि बिचाऱ्या विशेषणालाच विभक्तीचे प्रत्यय लागले: ‘पाटाकडील’ची आगेकूच, ‘पाटाकडील’ला धक्का. आमच्या व्याकरणाच्या मास्तरांनी यावर लाल रेघ ओढली असती. मला मात्र हा प्रयोग फार आवडतो. कोणाच्या कडील, काय कडील, हे गावाला सांगावे लागत नाही, म्हणून तर ते विशेषण एकटे उभे राहू शकते. ‘दिलबहार’ हे नाव एखाद्या अत्तराच्या कुपीवर शोभावे. ‘बालगोपाल’मधले गोपाल चांगले मिशा फुटलेले. आणि ‘प्रॅक्टिस’चा विजय झाला असे वाचून आमच्या एका पुणेकर पाहुण्यांनी, “म्हणजे खरा सामना अजून व्हायचाच आहे का?” असे विचारले होते.

पण माझे खरे कौतुक आहे ते या नावांभोवतीच्या एकेरी अवतरणचिन्हांचे. ती सहज म्हणून आलेली नाहीत. ज्या गावात ‘महाराज’ म्हटल्याशिवाय शिवाजी हे नाव कोणी उच्चारीत नाही, त्याच गावात ते नाव आणि ‘पराभूत’ हा शब्द एका ओळीत कसा छापायचा? खंडोबा स्पर्धेबाहेर गेला असे लिहायचे कसे? ती दोन चिमुकली चिन्हे उंबरठ्यावर काढून ठेवलेल्या वहाणांसारखी असतात. ती दिसली, की वाचकाला कळते, इथे छत्रपती नाहीत आणि जेजुरीचा देवही नाही. इथे चिखलाने माखलेली अकरा मुले आहेत.

जिंकणाराचे नाव आधी आणि हरणाराला ‘वर’ किंवा ‘ला’ लावून मागे, हा दुसरा दंडक. त्यावर कोणाची तक्रार नसते. तक्रार येते ती बरोबरी झाल्यावर. मग कोणाचे नाव आधी? मामंजी चष्मा कपाळावर सारून म्हणत, “बरोबरी झाली तरी त्यांचंच नाव पहिलं! सूनबाई, तुझ्या माहेरचा कुणी बसलाय वाटतं छापखान्यात.” आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझा दादा दुसऱ्या वर्तमानपत्राविषयी हीच तक्रार उलट बाजूने करी. अशा ठिकाणी बसून दोघांनाही थोडेथोडे नाराज ठेवणे म्हणजेच निःपक्षपात असावा.

परगावची वर्तमानपत्रे हे कसे निभावतात याची मला उत्सुकता होती. माझी पुतणी शिकायला इंग्लंडात शेफील्डला होती. त्या गावातही दोन संघ, शेफील्ड वेन्सडे आणि शेफील्ड युनायटेड. पण गावात ‘शेफील्ड’ म्हणायची गरजच काय? दोघांचे आडनाव तेच. म्हणून नुसते ‘वेन्सडे’ आणि ‘युनायटेड’. लाडात आले म्हणजे ‘आउल्स’ आणि ‘ब्लेड्स’. गाव चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून एकांची पाती समजण्यासारखी आहेत. पण आपल्याकडे कोणी आपल्या संघाला घुबडे म्हणवून घेईल का? वेन्सडेचे मूळ १८२० सालच्या एका क्रिकेट क्लबात. त्या खेळाडूंना बुधवारी अर्ध्या दिवसाची सुटी असे, म्हणून नाव बुधवार. फुटबॉल त्यांनी १८६७ मध्ये सुरू केला आणि १९२९ पर्यंत अधिकृत नावातही ‘शेफील्ड’ नव्हते. बाहेरगावची वृत्तपत्रे जागा वाचवण्यासाठी ‘शेफ वेड’ छापतात, हे ऐकून आमच्या घरात पुष्कळ हसणे झाले. वेड ते वेडच, असे मामंजी म्हणाले. आमच्या ‘जुना बुधवार’ला तिकडे इतका लांबचा भाऊबंद आहे, याचा मात्र त्यांना मनापासून आनंद झाला.

गोव्याकडची गोष्ट निराळी. धेंपो, साळगावकर ही नावे उद्योगपतींच्या घराण्यांची. ती हरली तर एक पेढी हरते, आळी हरत नाही. आमच्याकडे नाव आळीचे, म्हणून जपणूक जास्त हवी. आणि इथेच मला आमच्या बातमीदारांशी भांडायचे आहे.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमीत वाढला, तसे त्याचे शब्दही तालमीतलेच. खासबागेचे कुस्त्यांचे मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पुरे केले. ती भाषा या गावाच्या तोंडात त्याहूनही जुनी. म्हणून फुटबॉलच्या बातमीतही संघ ‘चितपट’ होतात, कोणी कोणाला ‘अस्मान दाखवते’, कोणी ‘धूळ चारते’. कुस्तीत हे शब्द खरे असतात. तिथे एकाच माणसाची पाठ मातीला लागते आणि तो उठून अंग झाडून दुसऱ्याशी हात मिळवतो. फुटबॉलमध्ये धूळ कोणी खायची?

काही वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यानंतर एका वर्तमानपत्राने (ते अजून आमच्याकडे येते, म्हणून नाव सांगत नाही) मथळा दिला की शिवाजी पेठेने मंगळवार पेठेला धूळ चारली. अवतरणचिन्हे नव्हती. संघांची नावेही नव्हती. नुसत्या पेठा. उपसंपादकाला ते अधिक चटकदार वाटले असेल. पण संघाचे नाव छापले, की भांडण बावीस जणांत राहते. पेठेचे नाव छापले, की त्यात गिरणीवाला येतो, देवळातला गुरव येतो, अंथरुणावर पडलेली माझी आई येते. आणि मी? मी त्या मथळ्यात धूळ चारणारी की खाणारी?

माझा मुलगा आणि दादाचा मुलगा तेव्हा एकाच शाळेत, एकाच वर्गात होते. दोघे एका ताटात जेवलेली पोरे. त्या दिवशी मधल्या सुटीत मारामारी झाली आणि भाच्याच्या भुवईवर दोन टाके पडले. दोष एकट्या मथळ्याचा आहे असे मी म्हणत नाही. पेठांची ईर्षा त्या उपसंपादकाच्या जन्मापूर्वीची आहे. पण मुले एकमेकांना जे ओरडून म्हणत होती ते शब्द त्यांचे स्वतःचे नव्हते. ते सकाळी छापून आले होते. वहिनी महिनाभर माझ्याशी फोनवर बोलली नाही.

फार काही मागणे नाही. ‘पाटाकडील’ला प्रत्यय लावा, हवे तर दोन लावा. पण ती एकेरी चिन्हे काढू नका, आणि जागा असेल तिथे ‘तालीम’ हा शब्दही राहू द्या. तालमीत वस्ताद असतो, आणि वस्तादापुढे पोरे आवाज खाली ठेवतात.

तो मथळा माझ्या मुलाने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. मला ते ठाऊकच नव्हते. त्या वर्षी भाऊबीजेला दादा आला, ओवाळणी झाली आणि त्याच्यासाठी टॉवेल काढायला मी कपाट उघडले, तो कात्रण समोर. मी दार लोटायला गेले, पण त्याने वाचायला सुरुवात केली होती. चष्मा लावून त्याने सारी बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग म्हणाला, “दुसरा गोल यानं मारलाच नव्हता. नाव चुकीचं छापलंय.” आणि टॉवेल घेऊन हात धुवायला गेला.