चेंडू कुठं आहे?

वर्तमानपत्रात छापून येणारा फुटबॉलचा फोटो हा एक स्वतंत्र कलाप्रकार आहे आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही, ही आमची जुनी तक्रार. कवितासंग्रहावर चार-चार पानं खर्ची घालणारे समीक्षक या फोटोपाशी आले की पान उलटतात. तेव्हा हे काम आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाच्या गळ्यात पडलं.

सोलापूरकराला फुटबॉलमधलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. आमचं गाव पॉली उम्रीगरांचं जन्मगाव. पार्क मैदानावर आम्ही क्रिकेटच बघणार. फुटबॉल बघायचा तर कोल्हापूर गाठावं. तिथं कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल! नावं वाचून वाटतं, आता अकरा पैलवान लंगोट कसून उतरणार. उतरतात ती सडपातळ पोरं, आणि त्यांच्यामागं अख्खी पेठ. देशाच्या मोठ्या लीगमध्ये या तालमींचं नाव नाही. पण शाहू स्टेडियमवर चारचा सामना असला की पेठेतल्या दुकानदाराला गिऱ्हाईक दिसेनासं होतं. आणि ही नुसती हौस नव्हे बरं का. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्याकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

असल्या गावातल्या सामन्याचा फोटो कसा असतो? प्रकार तीन. पहिला, बक्षीस समारंभाचा. यात एक करंडक, त्याला हात लावलेले नऊ पाहुणे आणि पाहुण्यांच्या खांद्यांमधून डोकावणारा विजयी संघाचा एक कान. दुसरा, संघाचा. पुढची रांग गुडघ्यावर, मागची हाताची घडी घालून. चेहरे असे, की गोल केला नसून फी भरायची राहिली आहे. तिसरा, ‘चुरशीचा एक क्षण’. यात दोन खेळाडू एस.टी.तल्या खिडकीच्या जागेवरून भांडावेत तसे एकमेकांना भिडलेले असतात. चेंडू फोटोत नसतो. तो वाचकानं कल्पनेनं घालून घ्यायचा.

फोटोग्राफरला दोष देणं सोपं आहे. पण सामना चारला सुरू होतो आणि रंगात येतो तो ऊन उतरताना. धावता पाय स्वच्छ टिपायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. उजेड कमी झाला म्हणून साठाव्या भागावर आलात, की पायाच्या जागी धूर. फ्लॅशचा उजेड मैदानाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. पूर्वी ही सबब चालायची. आता कॅमेऱ्यांना तिन्हीसांजेलाही दिसतं. फोटो मात्र तेच! म्हणजे दुखणं उजेडाचं नाही, नजरेचं आहे.

नजर कशी असावी, हे हान्स फान डर मीर या डच फोटोग्राफरनं दाखवलं. १९९५ पासून तो हॉलंडमधल्या आणि पुढं युरोपभरातल्या अगदी तळाच्या संघांचे सामने टिपत हिंडला. २००६ साली त्याचं ‘युरोपियन फील्ड्स’ हे पुस्तक निघालं. त्यानं युक्ती केली ती साधी. जवळ जायचं सोडून तो मागं सरकला. त्यामुळं फोटोत सगळंच आलं. धावणारे खेळाडू, नुसताच उभा राहिलेला खेळाडू, गोलपोस्टमागची घरं, कारखाने, डोंगर. खेळ कच्चा असेल, पण तो कुठल्या गावात चाललाय ते कळतं.

इथंच आमचा मुद्दा आहे. सोलापुरी चादरीचा बोटभर तुकडा कापून दाखवला तर तो कुठल्याही गिरणीचा वाटेल. चादर पसरली की नक्षी दिसते. दुर्बिणीसारख्या लेन्सनं ओढून आणलेला पायही तसाच कुठल्याही गावाचा. गोल खाल्लेल्या गोलकीपरचा चेहरा जवळूनच घ्यावा, त्याला आमची हरकत नाही. पण मोठ्या क्लबांचे गोल दहा कॅमेऱ्यांनी दहा बाजूंनी साठवलेले असतात. पेठेतल्या सामन्याला उद्याच्या पेपरातला एकच फोटो, म्हणजे एकच साक्षीदार. त्यानंच ‘मी फक्त पाहुणे पाहिले’ अशी साक्ष दिली, तर सामना झाला होता याला पुरावा काय?

म्हणून फोटोग्राफरसाहेब, पाहुण्यांचा फोटो घ्या. करंडक त्यांनी दिलाय, आमची ना नाही. पण त्याआधी एकदा गॅलरीच्या शेवटच्या पायरीवर चढा. तिथून चेंडू मोहरीएवढा दिसेल, दिसू द्या. समोरच्या गर्दीत कुणी उभा असेल, कुणी डोक्याला हात लावून बसला असेल, कुणी पोराला खांद्यावर घेतलं असेल. पंचवीस वर्षांनी ते पोर भिंग घेऊन फोटोत बापाला शोधेल. बापाचं टक्कल सापडलं, तर तुमचा फोटो उत्तम. पाहुण्यांचं काय, ते पुढच्या करंडकालाही येणारच आहेत.