तेरा आले, पण कसे आले?

मागच्या ऑक्टोबरमध्ये आमच्या पहिलीतल्या कन्येच्या दप्तरातून एक चाचणीचा कागद निघाला. त्यावर दहा-दहा घरांच्या दोन रिकाम्या चौकटी आणि प्रश्न : ८ + ५ किती? कन्येने उत्तर लिहिलं होतं १३. चौकटी मात्र कोऱ्याच. शेजारी बाईंचा शेरा, 'डेव्हलपिंग'. म्हणजे आपल्या भाषेत 'प्रगती हवी'!

माझ्यातला मराठी बाप खवळला. तेराला तेराच म्हणतात ना? त्यात चित्र कसलं काढायचं? आम्ही पाढे घोकूनच इथवर आलो, मास्टर्स केलं, घर घेतलं. बाईंना ई-मेल लिहायला बसलो, तेवढ्यात सौ. म्हणाली, "आधी पोरीला तरी विचार."

एका कार्डावर चौकट आखली. वर पाच घरं, खाली पाच. वरची ओळ ठिपक्यांनी भरली, खाली तीन ठिपके. दोन सेकंद दाखवून कार्ड पालथं केलं. "किती?" "बाबा, परत दाखव ना!" परत दाखवलं, तर बोट ठेवून एकपासून मोजू लागली. "दहाला किती कमी?" पुन्हा बोटं. शेवटी विचारलं, "मग ८ आणि ५ तेरा कसे आले?" "आजोबा विचारतात ना दर शनिवारी!" "बरं, ९ आणि ५?" कन्या गप्प. मग म्हणाली, "ते आजोबांनी नाही विचारलं."

आमच्या धंद्यात याला हार्ड-कोडिंग म्हणतात. ठरलेल्या इनपुटला उत्तर बरोबर, इनपुट बदललं की प्रोग्रॅम गार! ई-मेल खोडून टाकली.

तीन-चार वस्तू आपण न मोजता ओळखतो. त्यापुढे नजरेला आधार लागतो, आणि चौकट तो देते. वरची ओळ भरली म्हणजे पाच, खाली तीन, म्हणून आठ. दोन घरं रिकामी, म्हणून दहाला दोन कमी. मग पाचातले दोन तिथे ठेवायचे, उरले तीन, झाले तेरा. हॉलंडमधून आलेल्या रेकेनरेक नावाच्या मणी-पाटीतही हीच युक्ती आहे. एका तारेवर दहा मणी, पाच लाल आणि पाच पांढरे. साधनं उत्तम आहेत, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

माझी तक्रार आहे ती या साधनांनी घेतलेल्या लेखी परीक्षेबद्दल. पुढच्या आठवड्यात कन्येने तसाच कागद आणला, या वेळी चौकटी सुबक रंगवलेल्या. शेरा, 'मीट्स'! मी पुन्हा कार्ड दाखवलं. पुन्हा बोट, पुन्हा एकपासून. तिने एकेक घर रंगवत तेरापर्यंत मजल मारली होती, एवढंच. उलट एखाद्या मुलाला ते दोन आणि तीन मनातच दिसले आणि त्याने चौकट कोरी ठेवली, तर तो मात्र 'डेव्हलपिंग'. कागद उत्तर पाहतो, चित्र पाहतो. मुलाची नजर कुठून कुठे गेली, हे त्याला कळत नाही. २०१० च्या कॉमन कोअरमध्येसुद्धा पहिलीच्या बेरजेसाठी 'दहा पूर्ण करणे' ही अनेक युक्त्यांपैकी एक म्हणून दिली आहे. चित्र काढलंच पाहिजे, असं तिथे म्हटलेलं नाही.

परीक्षा कशी घेतली यावर मूल किती 'हुशार' ठरतं, हेही जुनंच आहे. पियाजे सारख्या संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडत आणि त्यातली एक लांबवत. लहान मुलं म्हणत, लांब ओळीत जास्त. मार्गारेट डोनाल्डसन यांच्या 'चिल्ड्रन्स माइंड्स' (१९७८) या पुस्तकात त्यांचे सहकारी जेम्स मॅकगॅरिगल यांच्या प्रयोगाची हकिकत आहे. ओळ मोठ्या माणसाने न हलवता एका खोडकर टेडीने विस्कटली, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मुलं तशीच, प्रश्नही तोच!

हे मी पालकसभेत बाईंना सांगितलं. त्या हसल्या. "वर्गात बावीस मुलं आहेत. प्रत्येकाजवळ बसून विचारायला मला आवडेल, पण वेळ कुठून आणू?" मुद्दा खरा होता. पण मग शेरा तरी बेतानं लिहावा, एवढीच माझी विनंती. आणि बसून विचारायचं काम घरी आपण करू शकतो.

आपल्याकडे तर भाषाच मदतीला आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली होती. जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांसाठी मला ती पद्धत पटते. पण एकोणीस हा शब्द मात्र मी सोडणार नाही. एक उणे वीस! दोन चौकटी मांडा, एकच घर रिकामं ठेवा, शब्द डोळ्यांना दिसतो. कन्येला दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे एकोणतीसला तीन चौकटी आणि एक घर रिकामं?" या वेळी बोट हललं नाही.

आजोबांचा शनिवार अजून चालू आहे. फक्त आता उत्तर आलं की तेही विचारतात, "कसं कळलं गं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा कन्येने त्यांना पाच मिनिटं चौकट समजावली. फोन ठेवताना आजोबा मला म्हणाले, "आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं रे."